गांवची अडचण आणि गांवचा धंदा

आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील कोणत्याही गांवच्या पारावर सायंकाळीं घटकाभर बसलें असतां जें बोलणें कानीं पडतें, त्यांतील निम्म्याहून अधिक अडचणींचें असतें. टोमॅटोचा भाव पडला, कांदा बराखींत सडला, लागणीला बायका मिळत नाहींत, वीज रात्रीं येते आणि उसांत बिबट्या आहे, शिकलेला मुलगा चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर गेला. हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. परंतु गाऱ्हाणें सांगून झालें म्हणजे आपण उठून घरीं जातों, आणि त्याच गाऱ्हाण्यावर दुसरा कोणी तरी आपलें दुकान मांडतो. रोपें विकणारा, क्रेट भाड्यानें देणारा, औषध विकणारा, मजुरांची गाडी आणणारा, हे सर्व आपल्या अडचणींवरच जगतात व बरे जगतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. प्रश्न एवढाच कीं, जी अडचण आपली, जिची खडान्‌खडा माहिती आपणांस, तिच्यावरील धंदा मात्र बहुधा दुसऱ्याचा कां असावा? काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आपल्या पूर्वजांनीं आपल्यासाठींच करून ठेवली कीं काय, असें वाटूं लागतें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें. त्या कामांत एक गोष्ट वारंवार नजरेस येई. एकाच गांवाहून सालोसाल अर्ज येत. अर्जदार निराळा, तारीख निराळी, परंतु मजकूर तोच. ओढ्याला पूर आला कीं शिवारांतील वाट बंद होते. चारा संपतो तो नेमका वैशाखांत. पंप बिघडला तर दुरुस्त करणारा वेळेवर मिळत नाहीं आणि पिकाचें एक पाणी चुकतें. अर्जाचा निकाल लागो वा न लागो, तो रुमालांत बांधला जाई आणि पुढच्या सालीं त्याचा धाकटा भाऊ टेबलावर येई. सरकारच्या दृष्टीनें तो अर्ज होता. धंदेवाल्याच्या दृष्टीनें पाहिलें असतां ती मागणीची नोंद होती. अमुक गांवीं, अमुक महिन्यांत, इतक्या घरांना अमुक गोष्ट हवी आहे, हें त्यांत स्पष्ट लिहिलेलें असे. व्यापारी अशी माहिती मिळवण्यासाठीं पैसा खर्चितो. आपण ती फुकट लिहून देतों व विसरून जातों.

तेव्हां अडचणींतून धंदा कसा ओळखावा, कोणत्या अडचणींतून तो काढूं नये, आणि तो ओळखण्याकरितां आपल्या मंडळाच्या सभासदांनीं काय करावें, या तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

दाखले घरचेच

पहिला दाखला मंचरचा. ज्यांचें वय आज पन्नाशीच्या घरांत आहे अशा दूधवाल्या शेतकऱ्यांस दूध-सुट्टी हा शब्द आठवत असेल. दुधाचा हंगाम भरांत आला म्हणजे तें सर्व दूध पेलणें सरकारी योजनेस व सहकारी संघांस जमत नसे, आणि मग कांहीं दिवस दूध घेणेंच बंद ठेवीत. गाईला मात्र सुट्टी ठाऊक नसते. त्या दिवशीं निघालेलें दूध नातेवाइकांस वाटावें, त्याचा खवा आटवावा किंवा ओतून द्यावें, एवढेच मार्ग राहत. १९९१ सालीं दूधधंद्यावरील परवान्याचें बंधन सैल झालें, आणि १९९२ सालीं श्री. देवेंद्र शहा यांनीं मंचर येथें पराग या नांवानें तें नाकारलेलें दूध घेण्यास आरंभ केला. पुढें त्याच धंद्यांतून गोवर्धन नांवाचें तूप निघालें, चीज निघालें, आणि २०१६ सालीं त्या कंपनीचे भाग मुंबईच्या शेअर बाजारांत विकावयास आले.

या हकीकतींत लक्षांत घेण्याजोगें काय आहे? कोणतीही नवी वस्तु शोधून काढली गेली नव्हती. गाई होत्या, दूध होतें, मुंबई-पुण्यास गिऱ्हाईक होतें. नव्हता तो फक्त सुट्टीच्या दिवशीं दूध घेणारा. ती एक रिकामी जागा ज्यानें पाहिली त्याला धंदा दिसला. ज्या हजारों घरांनीं ती जागा दर हंगामांत सोसली त्यांना ती फक्त सोसावयाची गोष्ट वाटली. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढेंहि दुधाचीच अडचण होती. तेथें खरेदीदार बळकट व भाव त्याच्या मर्जीचा. त्यांनीं १९४६ सालीं एकत्र येऊन स्वतःचा संघ नोंदवला, व त्यांतूनच आणंदचा अमूल उभा राहिला. एकाच जातीच्या अडचणीवर एके ठिकाणीं एका घराण्यानें धंदा केला, दुसऱ्या ठिकाणीं उत्पादकांनीं मिळून केला. पहिला मार्ग निंद्य नाहीं, कारण त्यानेंहि दूध खपलें. परंतु दुसऱ्या मार्गांत नफ्याची वांटणी कोणीं करावयाची हें ठरवण्याचा अधिकार उत्पादकाकडे राहतो, हा भेद लहान नव्हे.

दुसरा दाखला डिंभ्याचा, व तो अधिक कठीण आहे. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें. त्याच्या जलाशयास आतां हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. महाळुंगे पडवळच्या या सुपुत्रानें १९३० सालीं मुंबईस परदेशी मालाच्या गाडीपुढें प्राण दिला, हें वाचकांस सांगावयास नको. या जलाशयांत जुनें आंबेगांव बुडालें. तालुक्याला नांव तेवढें राहिलें. धरणाचें पाणी खालच्या शिवारांस मिळालें, आणि ज्यांचीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं ते महादेव कोळी व इतर आदिवासी काठावरच्या डोंगरउतारावर राहिले. याहून मोठी अडचण ती कोणती? तरी त्याच लोकांनीं शाश्वत या संस्थेच्या साह्यानें तीन गोष्टी उभ्या केल्या. पाणी ओसरतांना उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनींत पिकें घेणें, ही पहिली. उतारावर दगडमातीचे बांध घालून भाताचीं नवीं खाचरें तयार करणें, म्हणजे ज्याला तिकडे पडकई म्हणतात तें काम, ही दुसरी. आणि जलाशयांतील मासेमारीसाठीं आदिवासींची स्वतःची सहकारी संस्था, ही तिसरी. धरणांत अगदीं बारीक मत्स्यबीज सोडलें तर त्यांतील पुष्कळसें मोठे मासे खाऊन टाकतात. म्हणून तें पाण्यांतच पिंजऱ्यांत वाढवून मग सोडण्याची रीतहि या लोकांनीं शिकून घेतली. २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार शाश्वत संस्थेस मिळाला.

या कामानें धरणग्रस्तांचें नुकसान भरून आलें असें कोणीं म्हणूं नये. बुडालेलें खाचर मासळीनें परत येत नाहीं, व पुनर्वसनाचें देणें हें सरकारचें देणेंच राहतें. परंतु जें पाणी शत्रु म्हणून आलें त्यांत काय वाढेल, हा प्रश्न त्यांनीं विचारला. आणि पाण्याचा फायदा घेणारे आम्ही खालच्या शिवारांतील बागाईतदार असे प्रश्न त्यांच्याहून कमी विचारतों, हें कबूल करणें प्राप्त आहे.

तिसरा दाखला ऐकून कांहीं वाचक हंसतील. नारायणगांवास तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी तेथेंच ठरवतात. पूर्वीं जत्रेच्या पंचांनीं फडमालकास कोठें शोधावें आणि फडमालकानें गांवोगांव किती हिंडावें, ही दोघांचीहि अडचण होती. दोघांनीं एका गांवीं, एका ठराविक काळीं भेटावें, एवढ्या व्यवस्थेनें ती सुटली, व त्या गांवास एक बाजार मिळाला. धंदा म्हणजे यंत्रच असलें पाहिजे असें नाहीं. कित्येकदां ज्याला हवें तो आणि ज्याच्यापाशीं आहे तो यांची गांठ घालून देणें हाच धंदा असतो.

अडचणीची परीक्षा

आतां प्रत्येक अडचणींतून धंदा निघतो असें मात्र नाहीं. म्हणून कारकुनी पद्धतीनें चार रकाने आखून त्यांत अडचण बसते कीं नाहीं तें पाहावें. पहिला रकाना: ही अडचण दरवर्षीं येते काय, व कोणत्या महिन्यांत? दुसरा: ती किती घरांची, किंवा किती एकरांची? तिसरा: आज ती भागवण्यासाठीं लोक कोणाला किती पैसे देत आहेत? चौथा: ती भागवण्याचें काम वर्षांतून किती दिवस चालेल? या चौघांत तिसरा रकाना मुख्य. ज्या अडचणीसाठीं आज कोणी एक रुपयाहि मोजीत नाहीं, तिच्यासाठीं उद्यां मोजील अशी आशा धरणें म्हणजे बाजारांत तुरी असल्यासारखें आहे.

ही परीक्षा नारायणगांवच्या टोमॅटोवर करून पाहूं. भाव पडला कीं प्रत्येक सभेंत एक ठराव हमखास येतो: सॉसचा कारखाना काढावा. ऐकावयास गोड आहे. पण हिशेब काय सांगतो? टोमॅटोच्या शंभर भागांत घन अंश सुमारें चार ते पांच भाग, बाकी पाणी. अठ्ठावीस टक्के घन अंशाचा घट्ट गर काढावयाचा तर एक किलो गरास सहा किलोंच्या आसपास टोमॅटो लागतात, आणि उरलेलें सर्व पाणी जळण जाळून उडवावें लागतें. शिवाय आपण जीं वाणें लावतों तीं दूरच्या बाजारापर्यंत टिकावींत म्हणून निवडलेलीं, कठीण सालीचीं. गराचीं वाणें निराळीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट भावाची. २०२३ च्या जुलैंत वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव झाला. त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोंच तो पार कोसळला. किलोला दोन-तीन रुपये मिळत असतां कारखान्याच्या दारांत रांग लागेल; बाजारांत भाव चढला कीं त्याच दारांत एकहि गाडी येणार नाहीं. मग यंत्रें थंड आणि बँकेचें व्याज मात्र गरम. पहिल्या तीन रकान्यांत ही अडचण बसते. चौथ्यांत बसत नाहीं.

याचा अर्थ प्रक्रिया अशक्य आहे असा नव्हे. नाशिक जिल्ह्यांत मोहाडी येथील सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी टोमॅटोवर मोठ्या प्रमाणांत प्रक्रिया करते. पण तिनें आरंभ टोमॅटोच्या कढईपासून केला नाहीं. द्राक्षांच्या निर्यातीपासून केला. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत एका वाढनियंत्रक औषधाचा अंश सांपडून माल अडला व शेतकरी बुडाले. त्या संकटानंतर कोणत्या बागेंत काय फवारलें याची नोंद ठेवणें व माल आधीं तपासून पाठवणें याची किंमत सर्वांस कळली. नोंद, तपासणी, सभासदांचा विश्वास आणि ठरलेला खरेदीदार यांची घडी आधीं बसली पाहिजे, आणि कारखाना त्यामागून आला पाहिजे. आपल्याकडे हा क्रम उलटा धरण्याची हौस फार. अनुदान जाहीर झालें कीं यंत्र येतें, यंत्र आलें कीं फोटो निघतो, आणि मग गिऱ्हाईक शोधावयास माणूस निघतो.

त्याच टोमॅटोच्या दुसऱ्या अडचणीकडे पाहूं. संकरित बी महाग. वाफ्यांत टाकलें तर त्यांतील कांहीं उगवत नाहीं, कांहीं मर लागून जातें, आणि पांढऱ्या माशीनें लहान रोपांनाच विषाणूरोग दिला तर पुढील सर्व खर्च वाया. ही अडचण प्रत्येक लागणीला येते. एकरीं पांच-सहा हजार रोपें लागतात. समजा, शेजारच्या चार गांवांत मिळून दोनशें एकर लागण होते, तर मागणी दहा-बारा लाख रोपांची झाली. रोपाला लोक रोख पैसा मोजतात, कारण महिनाभराची राखण व बियाण्याची जोखीम वाचते. ट्रे, नारळाच्या काथ्याचा भुसा, कीडरोधक जाळी आणि दररोज लक्ष घालणारा माणूस, एवढें भांडवल पुरे. टोमॅटोचा हंगाम संपला तर मिरची, कोबी, झेंडू, कलिंगड, आणि उसाचीं एक डोळ्याचीं रोपें. म्हणजे चारहि रकाने भरले. म्हणूनच आपल्या भागांत रोपवाटिका सभा न भरवतां वाढल्या, आणि सॉसचे कारखाने ठरावांत राहिले. ज्या गांवांत अद्यापि रोप दुसऱ्या गांवाहून आणावें लागतें, त्या गांवच्या तरुणानें चाकणची गाडी पकडण्यापूर्वीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

कांद्याच्या लागणीचें असेंच आहे. हंगामांत सर्वांना एकाच आठवड्यांत बायका हव्या असतात. उक्त्यानें एकराचा भाव ठरवून काम घेणाऱ्या टोळ्या चालतातच; मात्र कोणत्या शेताची लागण कोणत्या दिवशीं हें आधीं लिहून घेऊन पाळी लावणारा कोणी नसतो. त्यामुळें एके दिवशीं दोन शेतांची ओढाताण होते आणि चार दिवसांनीं तीच टोळी रिकामी बसते. गांवांतील चार जाणत्या बायकांनीं हें पाळीपत्रक हातीं घेतलें, मजुरी ठरलेल्या दिवशीं चुकती केली, व नेण्याआणण्यास सुरक्षित गाडी ठेवली, तर तो स्वच्छ धंदा आहे. त्यांत मजुराची कोंडी करून दलाली खाणें मात्र नसावें. पश्चिम भागांतून कामाला उतरणारा मजूर हाहि अडचणींतलाच माणूस आहे.

त्या पश्चिम भागाची स्वतःची संपत्ति म्हणजे हिरडा. चैत्र-वैशाखांत बाळहिरडा गोळा करून वाळवतात, व औषधाकरितां त्याला मागणी असते. आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे, व्यापारीहि आहेत. तथापि ज्याला पावसाळ्यापूर्वीं रोकड हवी त्याला मिळेल त्या भावानें माल घालावा लागतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें तेव्हां या झाडांची मोठी हानि झाली, आणि एका झाडावर एका घराचा वर्षाचा किती खर्च टेकलेला असतो हें तेव्हां अनेकांस प्रथमच कळलें. येथें धंद्याची जागा ओला व सुका, निवडलेला व मिसळीचा या भावांतील अंतरांत आहे: वाळवण्यास स्वच्छ खळें, निवड, कोरडी साठवण, आणि माल राहीपर्यंत घराला थोडी उचल. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर तेथील वनवासी समाजाचा हक्क मान्य केला आहे. म्हणून या धंद्यांत खालच्या शिवारांतील आपण जावें तें मालक म्हणून नव्हे. आपल्यापाशीं गोदाम, वाहन व बाजाराची ओळख आहे, ती रास्त मोबदल्यानें द्यावी. ज्याची अडचण त्याचा धंदा, हें तत्त्व आपल्याकरितां मागावयाचें तर त्यांच्याकरितांहि मान्य केलें पाहिजे.

ज्या अडचणीचा बाजार मांडूं नये

कांहीं अडचणी अशा असतात कीं, त्यांचा धंदा करणें म्हणजे भीति विकणें होय. बिबट्या ही त्यांतील एक. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, ऊस वाढला, आणि त्या दाट उसांत बिबट्याची वीण होऊं लागली. २००१ ते २००३ या काळांत आपल्या भागांत माणसांवर हल्ले वाढले तेव्हां बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपाय झाला, आणि त्यानें उपद्रव कमी न होतां वाढला, असें पुढें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. माणिकडोहचें निवारा केंद्र आपण जाणतोंच. या प्रश्नाची जबाबदारी वनखात्याची व सरकारची आहे. घाबरलेल्या आईबापांना नाना प्रकारचीं यंत्रें विकून ती सुटणार नाहीं.

तथापि या अडचणीच्या पोटांत दुसरी एक अडचण आहे, आणि तिच्यांत काम आहे. शेतकरी रात्रीं उसांत जातो तो हौसेनें नव्हे. वीज रात्रीं येते म्हणून जातो. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठीं २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळची पडीक जमीन सौर प्रकल्पास भाड्यानें दिल्यास हेक्टरीं वर्षाला सव्वा लाख रुपये भाडें त्या टप्प्यांत ठरलें. ज्यांची खडकाळ जमीन उपकेंद्रापासून जवळ आहे त्यांनीं सात-बारा हातीं घेऊन चौकशी करावी. त्यांत मालकाला भाडें आहे, आणि शेजाऱ्याला दिवसाचें पाणी आहे. बंदिस्त गोठा बांधून देणारा, सौर पंप व दिवे दुरुस्त करणारा कुशल कारागीर प्रत्येक पांच-सात गांवांमागें एक तरी असावा, हीहि साधी गरज आहे. लोखंडी जाळीचा गोठा नीट बांधून रास्त दाम घेणें हा धंदा. जत्रेंत ताईत विकावा तसें भीतीवर उपकरण विकणें हा धंदा नव्हे.

भांडवल, एकी आणि धाडस

यावर तीन आक्षेप नेहमीं येतात. पहिला असा कीं, धंदा करणें हें शेतकऱ्याचें काम नव्हे. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांपुढें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत हाच प्रसंग आला होता. अमेरिकेचें स्वस्त धान्य युरोपांत येऊन त्यांच्या गव्हाला भाव उरेना. त्यांनीं नुसतें रडगाणें गायिलें नाहीं. धान्य जनावरांस घालून लोणी काढूं लागले, आणि १८८२ सालीं येडिंग या खेड्यांत पहिली सहकारी लोणीशाळा निघाली. आपल्याच महाराष्ट्रांत प्रवरेच्या शेतकऱ्यांनीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं सहकारी साखर कारखाना काढला, व आपल्या दोन्ही तालुक्यांत विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने त्याच वाटेनें आले. तेव्हां हा आक्षेप इतिहासानेंच निकालांत काढला आहे.

दुसरा आक्षेप भांडवलाचा. वर सांगितलेल्या कामांपैकीं बहुतेकांना कारखान्याचें भांडवल लागत नाहीं. एका विहिरीच्या खर्चाहून कमी लागतें. दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी नोंदवतां येते. मात्र नोंदणीच्या आधीं एक हंगाम कागदावर व एक हंगाम लहान प्रमाणावर काम करून पाहावें, असें आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

तिसरा आक्षेप खरा, व त्याला उत्तर देणें कठीण. आपल्याकडे संस्था निघते ती कामासाठीं, आणि मोडते ती निवडणुकीसाठीं. गुलाल उधळला कीं वजनकांट्याकडे पाहावयास कोणी राहत नाहीं. यावर औषध एकच: आरंभ सात-आठ घरांचा, काम एकच, आणि दर महिन्याचा जमाखर्च सर्वांसमोर मोठ्यानें वाचून दाखवणें. जो हिशेब देवळांत वाचतां येत नाहीं तो धंदा भागीदारीचा नव्हे.

मंडळास सूचना

आतां प्रत्यक्ष सूचना. आपल्या मंडळाच्या प्रत्येक गांवच्या शाखेनें एक अडचण-वही घालावी. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें. तोच दिवस धरावा. वहीला वर सांगितलेले चार रकाने असावेत, आणि पांचवा रकाना असावा तो नांवाचा: हें काम गांवांतील कोणाला येतें, किंवा कोण शिकूं शकेल? वही पुढाऱ्याकडे देऊं नये. ज्याचें अक्षर वाचतां येतें व जो गांवांतच राहतो अशाकडे द्यावी, आणि एक रकाना तरी घरच्या बायकांना विचारून भरावा. दळण, जळण, पाणी, लेकरांची शाळेची वाट, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें, या अडचणी पुरुषांच्या तोंडून वहींत येणार नाहींत.

दुसरी सूचना पीकपाहणीची. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवतो. बहुतेक लोक ती नुकसानभरपाईसाठीं करतात आणि कांहीं ती करीतच नाहींत. वास्तविक गांवांत टोमॅटो किती एकर, कांदा किती एकर, हें लागणीच्या वेळींच कळण्याचें तें साधन आहे. शाखेनें सभासदांकडून तोच आंकडा घेऊन दर पंधरवड्यास फळ्यावर लिहिला, तर क्रेट किती लागतील, गाड्या किती लागतील, आणि आणखी लागण करावी कीं नाहीं, हें प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनीं दिसेल. भाव आपल्या हातीं नाहीं; आंकडा तरी हातीं असावा.

तिसरी सूचना मासिकाकरितां. वर्षाअखेर ज्या अडचणीचे चारहि रकाने भरले असतील अशा प्रत्येक गांवच्या तीन अडचणी या मासिकांत छापाव्यात. नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रास त्या दाखवाव्यात, बँकेस दाखवाव्यात, आणि पुण्यास-चाकणला गेलेल्या आपल्या मुलांनाहि पाठवाव्यात. गांव सोडून गेलेला मुलगा परत ये म्हटल्यानें येत नाहीं. येथें अमुक काम आहे, इतक्या घरांचें आहे, त्यासाठीं लोक आज इतके पैसे दुसऱ्याला देत आहेत, असें लिहून पाठवलें तर तो निदान हिशेब मांडील.

पुणें-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांस जमिनीचे भाव चढत आहेत, आणि तुकड्या-तुकड्यानें विकणाऱ्यांची संख्याहि वाढत आहे. जमीन विकून आलेला पैसा एका लग्नांत व एका गाडींत संपतो, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. जमिनीवर राहावयाचें असेल तर केवळ पीक विकून भागणार नाहीं. पिकाच्या अलीकडचें व पलीकडचें काम आपल्या हातीं घ्यावें लागेल. तें काम कोणतें हें सांगावयास बाहेरचा पंडित नको. तें आपण रोज सायंकाळीं पारावर बोलून दाखवीत असतों. बोललेलें लिहून ठेवावें, एवढेंच मागणें आहे. येत्या १ ऑगस्टला ज्या शाखा वही घालतील त्यांनीं मंडळाच्या कार्यालयास एक कार्ड टाकून कळवावें, म्हणजे आंखलेला नमुना पाठवण्याची व्यवस्था करतां येईल.